भिंतीवरच्या दोन खुणा

प्रिय पोरी,

तुझा लांब उडीचा व्हिडिओ तीनदा पाहिला. रन-अप बरा आहे, बोर्डवर, म्हणजे उडी घ्यायच्या फळीवर, पायही नीट पडतोय. खटकलं ते त्याच्या आधीचं. नंबर येईपर्यंत तू बसून पायाचे अंगठे धरून राहिलीस, चांगली दोन मिनिटं, आणि उठून थेट धावत सुटलीस.

दोष तुझा नाही. आम्हालाही शंभर आकडे मोजून होईपर्यंत अंगठे सोडू देत नसत. पण एकच स्नायू मिनिटापेक्षा जास्त वेळ ताणून धरला की पुढची काही मिनिटं त्याचा जोर थोडा उतरतो. उडी मारताना टाचेमागची घोडशीर ताणली जाते आणि रबरासारखी परत आखडते. बोर्डवर पाय टेकतो तो जेमतेम सेकंदाचा आठवा भाग! तेवढ्यात पोटरी ढिली पडून कसं चालेल?

माझं ऐकून सोडून देऊ नकोस, करून बघ. बोटांना खडू लाव, भिंतीशी उभी राहून तीनदा जागेवरून सरळ वर उडी मार आणि भिंतीवर खूण कर. मग दोन्ही पोटऱ्या दोन-दोन मिनिटं ताण आणि लगेच पुन्हा मार. फरक बोटभरच असेल, एखाद्या दिवशी दिसणारही नाही. पण 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत आपला मुरली श्रीशंकर आणि बहामाचा लकॉन नेर्न, दोघांचीही सर्वोत्तम उडी 8.08 मीटर होती. सुवर्ण नेर्नला गेलं, ते दोघांच्या दुसऱ्या सर्वोत्तम उडीवरून.

तेव्हा मैदानावर आधी हलकं धावणं, मग पाय पुढे-मागे झुलवणं, गुडघे उचलून (दोरीशिवाय) स्किपिंग, शेवटी दोन-तीन छोट्या रन-अपच्या उड्या. कुठे आखडलंच असेल तर वीस सेकंद ताण, जास्त नको. अंगठे धरायचे ते सराव संपल्यावर किंवा रात्री घरी. ते मात्र बंद करू नकोस. रोजच्या ताणानं उडी कमी होत नाही.

आणि गुडघ्याखालच्या हाडाचा उंचवटा दुखतो म्हणालीस, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या वर्षी तू भराभर उंच झालीस. हाड आधी वाढतं, स्नायू मागे राहतात आणि मांडीचा स्नायू तिथे ओढ देत राहतो. या वयात हे पुष्कळांना होतं. तरी आठवडाभर उड्या निम्म्या कर आणि डॉक्टरांना दाखव. दुखत असताना वर आणखी ताणत बसू नकोस.

डॉक्टर काय म्हणाले ते कळव. भिंतीच्या फोटोला घाई नाही, गुडघा बरा झाल्यावर पाठव.

तुझे सर