गावकारभार : तुमचे प्रश्न
फलक लागला, आता आराखड्यात काय लिहायचं?

प्रश्न : मी भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील एका ग्रामपंचायतीची सदस्य, पहिल्यांदाच निवडून आले. शाश्वत विकासाच्या 9 संकल्पनांपैकी आमच्या ग्रामपंचायतीने ‘जलसमृद्ध गाव’ निवडलं, तसा फलकही लागला. पण गावाच्या विकास आराखड्यात यंदाही सिमेंट रस्ता, नाली आणि सभामंडपच आहे. गावाचा मामा (माजी मालगुजारी) तलाव गाळानं आणि बेशरमाच्या झुडपांनी भरलाय. शाश्वत विकास ग्रामपंचायतीनं नेमका करायचा कसा?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात तलाव शेवटी आलाय. मी तिथूनच सुरुवात करतो. माझी सगळी नोकरी ग्रामसेवक म्हणून पूर्व विदर्भात आणि यवतमाळकडे गेली, आणि भंडाऱ्याचे तलाव मला आजही जवळचे वाटतात.

संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये शाश्वत विकासाची 17 उद्दिष्टं ठरवली. ती गावाच्या अंगाला बसावीत म्हणून आपल्या पंचायतराज मंत्रालयानं त्यांच्या 9 संकल्पना केल्या. एवढं माहीत असलं की पुरे. त्यापुढचं सगळं गावातच ठरतं, आणि ते मी एका प्रश्नानं तपासत असे : हे काम झाल्यावर ते कोण सांभाळणार, आणि त्याचा पैसा दरवर्षी कुठून येणार? आराखड्याच्या कच्च्या मसुद्यावर मी पट्टीनं एक जास्तीचा रकाना आखायचो, ‘पुढची डागडुजी : कोण, कशातून’. ज्या कामासमोर तो रिकामा राही, ते काम मी ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवी. एका गावात सौर पथदिव्यांसमोर तो रकाना रिकामाच राहिला. काही वर्षांत बॅटऱ्या गेल्या, नव्या घ्यायला पैसा कुठंच धरलेला नव्हता, आणि खांब तेवढे उभे राहिले. नळयोजनेचंही तेच. पाइप, टाकी सरकार देतं, वीजबिल आणि पंपाची दुरुस्ती गावावर येते.

आता तुमचा तलाव. गोंड राजवटीत कोहळी लोकांनी हे तलाव बांधले. एकाचा सांडवा वाहिला की पाणी खालच्या तलावात, तिथून बोड्यांत (छोट्या तळ्यांत) आणि बांध्यांत (धानाच्या शेतांत), अशी ती रचना. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, संपली, तलाव सरकारकडे गेले आणि देखभालीची जुनी घडी मोडली. म्हणून पहिलं काम कागदाचं. सात-बारा आणि निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांची नोंद) काढा. तलाव कोणाच्या ताब्यात आहे, मासेमारीचा ठेका कोण देतं, निस्ताराचे हक्क काय लिहिलेत, हे कळल्याशिवाय ठराव करू नका. तलाव जिल्हा परिषदेकडे असेल तर ग्रामपंचायतीला ठराव आणि पाठपुरावा करावा लागेल, परस्पर खोदता येणार नाही.

गाळ काढण्याबद्दल मात्र मी कळकळीनं सांगतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना 2017 पासून आहे, आणि गाळ वावरात टाकला तर जमिनीचं भलंच होतं. पण काढायचा तो गाळच. मशीन आलं की खोल जाण्याचा मोह होतो. मूळ तळ फोडला तर पाणी मुरून निघून जातं. पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) पायथ्याशी खोदलं तर पाळ कमजोर होते. कडेचा उथळ उतारही मोडू नका. पाणवनस्पती, पक्षी, माशांची अंडी, सगळं त्या उथळ पाण्यात असतं. तलावाचा येवा, म्हणजे पाणी येण्याची वाटही एकदा पायी फिरून बघा. रस्त्याच्या भरावानं किंवा अतिक्रमणानं येवा अडला असेल तर कितीही गाळ काढा, तलाव भरणार नाही.

बेशरम कापून भागत नाही. ओल्या मातीत पडलेलं दांडकंही पुन्हा फुटतं. उन्हाळ्यात तळ उघडा पडल्यावर मुळासकट उपटायची, दांडकी तलावाबाहेर नेऊन वाळवायची, आणि पुढची दोन-तीन वर्षं उगवलेली रोपं काढत राहायची. आराखड्यात ते एका वर्षाचं काम म्हणून लिहाल तर वाया जाईल, तीन वर्षांचं लिहा.

आणि हे सगळं मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाला विचारल्याशिवाय करू नका. कोणत्या तलावात कोणता मासा कुठं अंडी घालतो, हे त्यांना ठाऊक आहे. भंडारा-गोंदियात ढिवर स्त्रियांनी बेशरम काढून, तळ नांगरून, पाण्याखाली वाढणाऱ्या स्थानिक वनस्पती पुन्हा लावल्या आहेत. त्यानं स्थानिक माशांना खाणं आणि आसरा मिळतो. बाहेरून आणलेला गवत्या मासा त्याच वनस्पती फस्त करतो, म्हणून ठेक्याच्या अटींत कोणतं मत्स्यबीज सोडायचं हे लिहून घ्यायला सांगा. माझ्या मते तुमच्या आराखड्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच असेल, आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

पैशाचं बोलू. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात 60 टक्के निधी बंधित (ठरलेल्या कामांवरच खर्चायचा) होता, निम्मा पिण्याचं पाणी आणि जलसंधारणासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. आयोग बदलला की टक्केवारी बदलू शकते, म्हणून चालू वर्षाचं परिपत्रक सचिवांकडून मागून वाचा. पण वर्षानुवर्षांच्या डागडुजीचा खरा आधार गृहकर आणि पाणीपट्टीच. वसुली कमी असलेल्या गावात कुठलाही शाश्वत विकास टिकलेला मी पाहिला नाही. कोणाकडे किती थकबाकी, ही यादी ग्रामसभेत वाचायला लावा. सदस्यांच्या घरापासून सुरुवात करा.

सदस्य म्हणून तुमच्या हातात काय आहे? प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. बहुतेक गावांत ती रजिस्टरवर होते. तुम्ही ती खरोखर घ्या, तलावाच्या पाळीवर घ्या. तिथला ठराव लेखी घेऊन ग्रामसभेत जा. ग्रामसभेची गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यांतली कमी असेल ती. तेवढी माणसं आली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग मोजक्या लोकांत आराखडा मंजूर होतो. तुमच्या मोहल्ल्यातल्या बाया पहिल्याच सभेला आल्या पाहिजेत.

गावानं मनावर घेतलं तर काय होतं, ते चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावात बघा. 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर ग्रामसभेनं बांबूची विक्री हातात घेतली, पण तेंदूपत्ता (बिडीचं पान) तोडायचा नाही असं ठरवलं. पत्त्यासाठी झाडं छाटतात, जंगलाला आग लावतात, म्हणून. हातात येणारा पैसा गावानं स्वतः नाकारला. मला या निर्णयाचं फार मोल वाटतं. साकोलीहून पाचगाव दूर आहे, तरी सभेतल्या चार बायांना घेऊन एकदा जाऊन या.

सभामंडपाला विरोध करत बसू नका, भांडण वाढेल. त्याच्यासमोर तो रकाना भरायला सांगा.

प्रश्न : आमचं गाव घाटंजी तालुक्यात, जमीन काळी. ग्रामपंचायतीनं सांडपाणी मुरवायला घरोघरी शोषखड्डे केले, पण पावसाळ्याआधीच तुंबले. चूक कुठं झाली?

उत्तर : भाऊ, खड्डा काळ्या मातीतच थांबला असणार. चार बाय चार बाय चार फुटांचा खड्डा आणि मधे भोकाची टाकी हा नांदेडचा प्रकार चांगला आहे, पण काळी चिकण माती भिजली की फुगते आणि पाणी मुरू देत नाही. मुरूम लागेपर्यंत खोदा. मुरूम फार खाली असेल तर तिथं शोषखड्डा करू नका. सांडपाणी परसबागेला द्या, नाहीतर चार-पाच घरांचा मिळून एक खड्डा मुरमाड जागी घ्या. खड्ड्याआधी छोटी गाळटाकी हवीच. राख, उष्टं आणि साबणाचा गाळ तिच्यात बसतो आणि ती दर आठवड्याला उपसता येते. खड्डा विहिरीपासून आणि हातपंपापासून लांब ठेवा.

तुमच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइडची तक्रार जुनी आहे. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं असतं. तुमच्या गावात त्या कोण आहेत आणि तपासणी संच कुणाच्या घरी पडलाय, ते या आठवड्यात विचारा.