एंकहाउझनचे जुने घर आणि पुण्यातले आई-वडील

प्रश्न : आमचा मुलगा (वय ३६) आणि सून (वय ३३) सहा वर्षांपासून नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये आहेत. सध्या ते ॲमस्टरडॅमजवळ भाड्याने राहतात. एंकहाउझन नावाच्या लहानशा जुन्या गावात सतराव्या शतकातले एक घर त्यांनी पाहिले असून मालकाची अपेक्षा ४,६५,००० युरोंची आहे. त्यांचे हे पहिलेच घर. आमचा स्वतःचा अनुभव सदाशिव पेठेतल्या वाड्याचा आहे. वारसांच्या सह्या, भाडेकरूंचे दावे आणि मिळकत पत्रिकेवरची चुकलेली नोंद यांत आमची बारा वर्षे गेली, त्यामुळे 'जुने घर' म्हटले की पोटात गोळा येतो. व्यवहार कितपत सुरक्षित असतो? आम्ही दोघांनी मिळून ४० लाख रुपये द्यायचे ठरवले आहे, ते कसे पाठवावेत? आणि आम्हाला तिथे जाऊन राहता येईल का? – एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : वाड्याच्या अनुभवामुळे आपल्या मनात जी भीती बसली आहे, ती या घराच्या बाबतीत चुकीच्या जागी आहे, असे मला वाटते. आपल्याकडे जुन्या घराचा कागद आजारी असतो आणि भिंती बहुधा धडधाकट असतात. तिथे कागद स्वच्छ असतो आणि दुखणे असलेच तर ते घराच्या हाडांत असते. म्हणून कागदाचे थोडक्यात सांगतो आणि हाडांविषयी सविस्तर लिहितो.

नेदरलँड्समध्ये घराची मालकी नोटारिसने केलेल्या खरेदीखतावाचून हस्तांतरित होत नाही. हा नोटारिस म्हणजे आपल्या कोर्टाच्या आवारात शिक्के मारून देणारा नोटरी नव्हे. तो कायद्याचा पदवीधर असतो, सरकारकडून नेमला जातो आणि खरेदीदार व विक्रेता या दोघांच्याही बाबतीत त्याला तटस्थ राहावे लागते. घरावर बोजा किंवा जप्ती आहे का, विकणाऱ्याला विकण्याचा अधिकार आहे का, हे तो कडास्टर या सरकारी मालमत्ता-नोंदणीत तपासतो. ही नोंदणी १८३२ पासून अखंड चालू आहे. पैसेसुद्धा विक्रेत्याच्या हाती थेट पडत नाहीत. ते नोटारिसच्या वेगळ्या खात्यात जमा होतात आणि खत झाल्यावर तिथून पुढे जातात. खत डच भाषेत असते, तेव्हा मुलाला व सुनेला ती भाषा पुरेशी येत नसेल तर दुभाष्याची सोय करण्याविषयी नोटारिसला आधीच कळवावे.

त्याआधीचा टप्पा साठेखताचा. तिथल्या कायद्यानुसार राहत्या घराचा सौदा लेखी झाल्याखेरीज बंधनकारक होत नाही, म्हणजे मालकाने तोंडी 'हो' म्हटले म्हणून पेढे वाटू नयेत. सही झालेल्या कराराची प्रत हाती पडल्यावर खरेदीदाराला तीन दिवसांची मुदत मिळते आणि त्या मुदतीत कोणतेही कारण न देता माघार घेता येते. त्यानंतर मात्र साधारणपणे किमतीच्या १० टक्के विसार किंवा तेवढ्या रकमेची बँक हमी द्यावी लागते आणि करारात नसलेल्या कारणासाठी मागे फिरल्यास तेवढाच दंड बसू शकतो. म्हणूनच 'कर्ज मंजूर झाले नाही तर' आणि 'घराच्या तांत्रिक तपासणीत ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त दुरुस्ती निघाली तर' करार रद्द करता येईल, या दोन अटी बोली लावतानाच लिहून द्याव्या लागतात. घरांची टंचाई असल्यामुळे अनेक तरुण जोडपी आपली बोली आकर्षक दिसावी म्हणून यातली तपासणीची अट सोडून देतात. नव्या इमारतीतल्या फ्लॅटसाठी कुणी असे केले तर मी फारसा बोलणार नाही. सतराव्या शतकातल्या घरासाठी ही अट सोडू नये, घर हातचे गेले तरी चालेल, असे मी आपल्या चिरंजीवांना कळकळीने सांगेन.

याचे कारण मी डोळ्यांनी पाहिले आहे. वास्तुरचनेच्या कामानिमित्त दोन वर्षे डेल्फ्टमध्ये असताना एका परिचितांच्या घराच्या तपासणीला मी सोबत गेलो होतो. वरच्या मजल्याच्या लाकडी तुळया नुकत्याच रंगवलेल्या, देखण्या दिसत होत्या. तपासनीसाने मधल्या भागाकडे पाहिलेसुद्धा नाही. तुळईचे टोक जिथे बाहेरच्या भिंतीत शिरते, तिथे त्याने साधा स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि अंगठ्याने दाबला. तो दोन इंच आत गेला आणि बाहेर काढला तेव्हा त्याच्या टोकाला ओल्या चहापत्तीसारखा भुगा चिकटला होता. पावसाने भिजणारी विटांची भिंत तुळईच्या टोकाला वर्षानुवर्षे ओलावा देत राहते आणि रंगाखाली लाकूड कुजते. अशी टोके कापून नवी जोडता येतात, पण त्याचा खर्च आधी कळला तर भावात बोलता येते, नंतर कळला तर तो आपलाच.

त्याहून गंभीर बाब पायाची. नेदरलँड्सच्या पश्चिम भागातली जमीन मऊ चिकणमातीची आणि पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीची) आहे, त्यामुळे तिथली असंख्य जुनी घरे जमिनीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी आहेत, तर काही घरे खांबांविना, थेट मातीवर बांधलेली आहेत. लाकडी खांब भूजलात बुडालेले असतील तोवर शतकानुशतके टिकतात. पाण्याची पातळी खाली गेली की वरच्या टोकांना हवा लागते, बुरशी धरते आणि घर एका अंगाला खचू लागते. २०१८ सारख्या कोरड्या उन्हाळ्यांनी हा धोका वाढवला आहे. पायाची दुरुस्ती दहा-वीस हजार युरोंत भागणारी नसते आणि घराचा विमा सहसा ती भरून देत नाही. म्हणून पाया कोणत्या प्रकारचा आहे, त्याचा कधी अभ्यास झाला आहे का, शेजारच्या घरांत दुरुस्ती झाली आहे का, हे प्रश्न मालकाला, दलालाला आणि नगरपालिकेला लेखी विचारावेत. चिरंजीवांनी स्वतः घर पाहताना खिशात एक गोटी ठेवावी, ती खोलीच्या मध्यभागी सोडावी आणि कोणत्या बाजूला किती वेगाने जाते ते पाहावे. दाराच्या चौकटी काटकोनात आहेत का आणि विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी चढत गेलेली भेग आहे का, हेही पाहावे. जुन्या घरात थोडा कल असणारच. तो कल वाढतो आहे की थांबला आहे, हे ठरवायला मात्र तज्ज्ञच लागतो.

इथे एक कायदेशीर बारकावा आहे. विक्रेत्याने माहीत असलेले दोष सांगायचे असतात आणि खरेदीदाराने स्वतः चौकशी करायची असते, अशी दुहेरी जबाबदारी तिथे मानली जाते. पण जुन्या घरांच्या करारात बहुतेक वेळा 'वयोमानाचे कलम' घातलेले असते. घर इतक्या वर्षांचे आहे, त्यामुळे नव्या घराइतकी गुणवत्ता अपेक्षित धरता येणार नाही, असा त्याचा आशय असतो आणि त्यामुळे न दिसलेल्या दोषांचा भार खरेदीदाराकडे सरकतो. हे कलम वगळून घेणे अवघड असते; त्याचा अर्थ समजून सही करणे तेवढे आपल्या हाती असते. शिशाचे जुने पाण्याचे नळ (१९६० पूर्वीच्या घरांत ते आढळतात) आणि ॲस्बेस्टॉस यांविषयी काय लिहिले आहे, तेही वाचावे. मालकाचा दलाल मालकासाठीच काम करतो, हे ध्यानात ठेवून मुलाने आपल्या बाजूचा स्वतंत्र दलाल नेमला तर ती फी वाया जाणार नाही.

आता घराच्या 'वारसा' दर्जाविषयी. एंकहाउझन हे साधे गाव नाही. ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती, तिच्या सहा शाखांपैकी एक या गावात होती. पुढे व्यापार ओसरला, गाव गरीब झाले, जुनी घरे पाडून नवी बांधायला पैसा उरला नाही आणि म्हणूनच ती आजवर टिकली. आज अशी घरे राष्ट्रीय स्मारक किंवा नगरपालिकेचे स्मारक म्हणून नोंदलेली असतात, आणि काही घरे स्वतः नोंदलेली नसली तरी संरक्षित परिसरात मोडतात. आपले घर यांपैकी कशात आहे, हे बोलीआधी कळलेच पाहिजे. राष्ट्रीय स्मारकाचे संरक्षण केवळ दर्शनी भागाला नसते. आतला जिना, तुळया, जुनी शेकोटी, सगळे त्यात येते. त्याच सामग्रीने केलेली नेहमीची डागडुजी परवान्याविना करता येते, पण खिडकीची एकपदरी काच काढून दुपदरी बसवायची असेल तरी आधी नगरपालिकेला विचारावे लागते. थंडीत हीटिंगचे बिल मोठे येणार, हे गृहीत धरावे. याच्या बदल्यात काही आधारही मिळतो. राष्ट्रीय स्मारक असलेल्या घराच्या देखभालीवर पूर्वी आयकरात वजावट मिळत असे, ती २०१९ पासून बंद होऊन तिच्या जागी अनुदान आले. शिवाय राष्ट्रीय जीर्णोद्धार निधी कमी व्याजाने कर्ज देतो. १९७३ पासून काम करणारी मोन्युमेंटनवॉख ही संस्था सभासदांच्या घरी माणसे पाठवून माळ्यापासून पन्हळीपर्यंत पाहणी करते आणि अहवाल देते. हे सभासदत्व पहिल्याच वर्षी घ्यावे.

पैशांचा हिशेब असा. तिथले कर्ज घराच्या मूल्यांकनाच्या १०० टक्क्यांपर्यंतच मिळते. समजा ४,९०,००० ची बोली लागली आणि मूल्यांकन ४,७५,००० झाले, तर १५,००० युरो खिशातून. नोटारिस, मूल्यांकन, तपासणी आणि हस्तांतरण कर हे खर्चही खिशातूनच. स्वतः राहण्याच्या घरावर हा कर २ टक्के आहे, पण ३५ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला, घर ठरावीक किमतीच्या आत असेल तर (२०२५ मध्ये ही मर्यादा ५,२५,००० युरो होती), तो आयुष्यात एकदा माफ असतो. ही सवलत प्रत्येकाच्या हिश्श्यापुरती पाहिली जाते. म्हणजे घर दोघांच्या नावावर निम्मे-निम्मे झाले, तर सूनबाईंचा हिस्सा करमुक्त आणि मुलाच्या हिश्श्यावर २ टक्के. ४,६५,००० च्या घरावर ते ४,६५० युरो होतात. वय खरेदीखताच्या दिवशीचे धरले जाते.

आपले ४० लाख आपण दोघांनी २०-२० लाख असे वेगवेगळे पाठवावेत. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत प्रत्येक निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे बाहेर पाठवता येतात, तेव्हा मर्यादेचा प्रश्न नाही. मात्र एप्रिल २०२५ पासून वर्षात १० लाखांच्या वर जाणाऱ्या अशा रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (उगमस्थानी गोळा केला जाणारा आयकर) कापते. म्हणजे आपल्या प्रत्येकी वरच्या १० लाखांवर २ लाख. हा अंतिम कर नव्हे, विवरणपत्र भरताना तो आपल्या करात वळता होतो किंवा परत मिळतो. घराचा व्यवहार मार्च-एप्रिलच्या आसपास येत असेल तर निम्मी रक्कम ३१ मार्चपूर्वी आणि निम्मी १ एप्रिलनंतर पाठवल्यास ही कपातही टळते. रक्कम बक्षीस म्हणून द्यावी आणि तसे साधे पत्र करावे. देणारे आपण भारतात राहता आणि डच नागरिक नाही, त्यामुळे तिथला बक्षीस कर लागत नाही. परंतु कर्ज देणारी बँक पैशाचा उगम विचारणारच, तेव्हा मुदत ठेवीच्या पावत्या जपून ठेवा. घरावर आपले नाव लावण्याचा आग्रह मात्र धरू नका, कारण मग दर वर्षी आपल्या विवरणपत्रात परदेशी मालमत्ता दाखवावी लागेल आणि तिथल्या कराची गुंतागुंत वाढेल.

राहता राहिला आपल्या मुक्कामाचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या घरांचे जिने आपल्या वाड्यातल्या माडीच्या जिन्याइतकेच उभे असतात. पाऊल पूर्ण टेकत नाही, उतरताना तोंड जिन्याकडे करून उतरावे लागते. पलंग-कपाट जिन्याने नेता येत नाही म्हणून दर्शनी भिंतीच्या माथ्यावर आकडा असलेली तुळई असते आणि सामान दोराने ओढून खिडकीतून आत घेतात. जिना संरक्षित असला तर बदलताही येत नाही. म्हणून मुलाला बोली लावण्याआधी तीन गोष्टी विचारा: तळमजल्यावर पलंग मावेल अशी खोली आहे का, शौचालय तळमजल्यावर आहे का, आणि पायरीची रुंदी टेपने मोजली तर किती सेंटिमीटर भरते.

प्रश्न : अशाच एखाद्या जुन्या डच गावात गुंतवणूक म्हणून घर घेऊन ते भाड्याने द्यावे, असा विचार आहे. आम्ही पुण्यातच राहणार आहोत. – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : भारतीय नागरिकाला तिथे घर घेण्यास मनाई नाही, पण घर घेतल्याने राहण्याचा परवाना मिळत नाही. स्वतः न राहणाऱ्या खरेदीदाराला २०२६ पासून ८ टक्के हस्तांतरण कर आहे. २०२२ पासून नगरपालिकांना असा अधिकार आहे की ठरावीक भागातली विकत घेतलेली घरे चार वर्षे परवान्याविना भाड्याने देता येऊ नयेत. जुलै २०२४ पासून मध्यम दर्जाच्या घरांचे भाडेही गुणपद्धतीने (घराला मिळालेल्या गुणांनुसार) मर्यादित झाले असून मुदतीचे भाडेकरार काही अपवाद वगळता बंद झाले आहेत, म्हणजे एकदा आलेला भाडेकरू सहजासहजी हलवता येत नाही. त्यात घर स्मारक असेल तर पन्हळ गळू लागल्यावर पुण्यातून फोनवर काम करवून घ्यावे लागेल. माझे स्पष्ट मत विचाराल तर हे घर आपण घेऊ नये.