ऐरोलीतल्या आमच्या टीमचं स्टँडअप (रोजची छोटी बैठक) ४५ मिनिटं चालतं, तरी दर स्प्रिंटला (कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्याला) स्टोऱ्या, म्हणजे कामाचे छोटे तुकडे, उरतात. काय बदलावं?

आधी एकाच वेळी उघडलेल्या स्टोऱ्या कमी करा. स्टँडअप त्यानंतर आपोआप आटोपतं. सात जणांनी नऊ स्टोऱ्या उघडल्या की सगळ्या ‘ऐंशी टक्के झालं’वर अडकतात आणि शेवटच्या दोन दिवसांत सगळा ढीग टेस्टिंगवाल्यांच्या गळ्यात पडतो. मी महापेत स्क्रम मास्टर (टीमची स्क्रम ही कामाची पद्धत सांभाळणारी व्यक्ती) आहे, आमच्याकडेही हेच व्हायचं. बोर्डावर प्रत्येक स्टोरीचं एक कार्ड असतं; तिथे ‘चालू’च्या रकान्यात चारच कार्डं ठेवली, पाचवं घ्यायचं तर आधी एक संपवायचं. स्टँडअपला माणसागणिक हजेरी नको, बोर्डाच्या उजवीकडून, म्हणजे संपत आलेल्या कार्डापासून बोला. ‘काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय’ हे तीन प्रश्न खुद्द स्क्रम गाइडनेच (स्क्रमच्या अधिकृत नियमपुस्तिकेनेच) २०२०च्या आवृत्तीत वगळलेत. स्टँडअपची १५ मिनिटांची मर्यादा मात्र कायम आहे. वाद निघाला तर संबंधित दोघं-तिघं नंतर थांबतील. (मॅनेजर समोर असला की सगळे त्यालाच रिपोर्ट देतात, तो रोग वेगळा.) फक्त अडथळा बाहेरचा असेल, समजा क्लायंटची मंजुरीच चार-चार दिवस येत नसेल, तर चार कार्डांच्या मर्यादेने लोक नुसते रिकामे बसतील, तिथे मंजूर झालेल्या स्टोऱ्याच स्प्रिंटमध्ये घ्या.