आधी राउटर खाली ठेव

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि फोटो मिळाले. मामांनी न्यू जर्सीहून आणलेली फेंडर कंपनीची 1966 ची इलेक्ट्रिक गिटार, स्ट्रॅटोकास्टर, आणि तू विचारतेस, "काका, सुताराकडे नेऊ की गिटारवाल्याकडे?" कुणाकडेच नको. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी नको.

तुझी यादी अशी: ब्रिजला (बॉडीवर तारा टेकतात तिथे) हमबकर, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा दुहेरी कॉइलचा पिकअप; फ्लॉइड रोझ, म्हणजे तारा दोन्ही टोकांना घट्ट पकडणारा हलता ब्रिज; लॉकिंग ट्यूनर, म्हणजे तार पकडून ठेवणाऱ्या खुंट्या; नेकवरचा, म्हणजे गिटारच्या मानेवरचा, धातूच्या फ्रेटपट्ट्यांचा फ्रेटबोर्ड सपाट करणं; आणि पिवळट झालेली बॉडी पुन्हा पांढरीशुभ्र करणं. सगळ्यांवर माझं उत्तर एकच. लाकूड कापायचं नाही, लाकूड घासायचं नाही, लाकडाला नवं भोक पाडायचं नाही. स्क्रूने लागलेलं स्क्रूने निघतं, डाख (सोल्डर) देऊन जोडलेलं डाख सोडवून सुटतं. लाकूड तेवढं परत येत नाही.

हमबकरपासून सुरू करतो, कारण त्याचीच तुला सगळ्यात घाई दिसते. पूर्ण मापाचा हमबकर रुंदीला साधारण 38 मिलिमीटर असतो. तुझ्या पिकअपचं कव्हर 18 च्या आसपास. म्हणजे तो बसवायचा तर बॉडीतली पोकळी राउटरने, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्राने, वाढवावी लागते. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत अमेरिकेत याच एका हौसेपायी किती चांगल्या स्ट्रॅट वाया गेल्या याला गणती नाही. तेव्हा त्या नुसत्या "जुन्या गिटारी" होत्या, स्वस्तात मिळत, आणि पटाशी हातात घ्यायला कुणाला काही वाटत नसे. आज त्याच गिटारी विकायला निघतात तेव्हा घेणारा आधी पिकगार्ड (बॉडीवरची प्लास्टिकची पाटी) उघडायला सांगतो, खालचा खड्डा बघतो आणि गप्प होतो.

तुझी खरी तक्रार काय, तर ब्रिज पिकअप टोचरा वाजतो. वाजणारच. त्या काळच्या वायरिंगमध्ये दोन टोन नॉब आहेत, एक नेकच्या पिकअपला आणि दुसरा मधल्या. ब्रिजला टोनच नाही, तो सरळ बाहेर जातो. आधी पिकअपची उंची बघ. दोन्ही कडांच्या तारा शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायच्या आणि पिकअपपासून तारेचं अंतर मोजायचं: जाड तारेकडे 2.4 मिलिमीटर, बारीक तारेकडे 2. एवढ्यानेच अर्धा टोचरेपणा जातो. उरलेल्यासाठी दुसऱ्या टोनवरून स्विचच्या ब्रिजवाल्या टोकाला एक छोटी वायर जोडली की झालं. पण हे काम जुन्या वायरिंगवर करायचं नाही. कशावर करायचं ते सांगतो.

नवा पिकगार्ड घे, 11 भोकांचा. त्यावर हवे ते पिकअप बसव. सिंगल कॉइलच्या, म्हणजे तुझ्या एकेरी कॉइलच्या पिकअपच्या, मापात बसणारे हमबकर सर्रास मिळतात, दोन पात्यांचे किंवा एकावर एक रचलेले. नवे 250 किलोओहमचे पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर), पाच स्थितींचा स्विच (मूळचा तीन स्थितींचा असेल, फेंडरने पाचाचा 1977 मध्ये आणला) आणि नवी वायरिंग, सगळं टेबलावर बसून त्या गार्डवरच जोडून घे. मग जुना गार्ड पिकअप, पॉट, स्विच यांच्यासकट एकसंध उचलायचा. सोडवायच्या फक्त तीन वायरी: जॅककडे जाणाऱ्या दोन आणि मागच्या स्प्रिंगांच्या पंजाकडून येणारी अर्थिंगची एक. पॉटच्या टोकाला सोल्डरिंग आयर्न लावून त्या सोडवायच्या, कापायच्या नाहीत. कापडी वेष्टनाची वायर तीच राहिली पाहिजे. नव्या गार्डचं एखादं भोक बॉडीतल्या भोकाशी जुळणार नाही, कारण त्या वेळच्या आणि आताच्या जागांत थोडा फरक आहे. तेव्हा गार्डला नवं भोक पाड, बॉडीला नाही. किंवा एक स्क्रू लावूच नकोस, काही बिघडत नाही.

काढलेला जुना गार्ड वेगळ्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि गिटारच्या केसमध्येच. माळ्यावर नाही, मित्राकडे नाही. मूळ भाग हरवतात ते असेच, "सध्या राहू दे तुझ्याकडे" म्हणत.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण फोटोत तुझा अंगठा तिथे दिसतोय. पिकअपचे चुंबक कमी-जास्त उंचीचे आहेत आणि तिसऱ्या तारेचा जरा जास्तच वर आलाय. तो तसाच असतो. त्या काळी ती तार गुंडाळलेली असे, तिचा आवाज दबका येई, म्हणून चुंबक उंच ठेवलेला. आता साधी तार लावल्यावर ती इतरांपेक्षा मोठी वाजते आणि पोरं तो चुंबक दाबून खाली ढकलतात. फेंडरच्या पिकअपमध्ये कॉइल थेट चुंबकांवरच गुंडाळलेली असते. मध्ये काही नाही. ती तार 0.06 मिलिमीटर जाडीची, केसासारखी. चुंबक जरा हलला की ती आतल्या आत तुटते आणि पिकअप मरतो. मल्टिमीटर लावून बघ: साडेपाच ते साडेसहा किलोओहमच्या आसपास आकडा आला तर जिवंत, काहीच आला नाही तर तुटला. दाबू नकोस.

फ्लॉइड रोझबद्दल मी फार लिहिणार नाही, माझा पारा चढतो. त्याला दोन जाड खांबांसाठी भोकं लागतात, ब्रिजखालचं लाकूड खोदावं लागतं, आणि नटच्या (नेकच्या टोकाशी तारांच्या खाचांची पट्टी असते तिच्या) जागी नेक कापून सपाट करावी लागते. लॉकिंग नट पक्का करायला बहुधा नेकच्या पाठीतून आरपार दोन भोकंही पडतात. नेक जिथे मुळातच बारीक असते, तिथे. बॉडीतला खड्डा एक वेळ लाकडाच्या ठोकळ्याने भरता येईल, दिसायला घाण दिसेल पण भरता येईल. नट बसायची जागा एकदा कापली की ती नेक गेली. फ्लॉइड हवाच असेल तर तो कारखान्यातूनच लागून आलेली गिटार घे. जुनी, वापरलेली घे, तुझ्या महिन्याच्या पगारात बसेल.

तुझी स्ट्रॅट सुरात राहत नाही, हे मला मान्य आहे. पण दोष ट्रेमोलोचा, म्हणजे दांडीने हलणाऱ्या ब्रिजचा, नाही आणि ट्यूनरचा तर मुळीच नाही. ट्यूनर पिळताना "टिक" असा आवाज येतो का बघ. येत असेल तर तार नटच्या खाचेत अडकतेय. नट हाडाचा आहे. तो झिजतो, बदलता येतो, त्याच्या खाचा कानशीने तारेच्या जाडीपेक्षा किंचित, म्हणजे 0.05 मिलिमीटरने, रुंद करायला माझी हरकत नाही. तोवर खाचेत पेन्सिलीचं शिसं घास. मग ट्रेमोलोचे पुढचे सहा स्क्रू बघ. सगळे घट्ट आवळलेले असले तर ब्रिज अडखळणारच. मधले चार जरा वर आण आणि बाहेरच्या दोनांवरच ब्रिज हलू दे. मागे तीन स्प्रिंगा पुरतात. आणि तारा नीट गुंडाळ: क्लूसनच्या, म्हणजे तुझ्या मूळ ट्यूनरच्या, खांबाला वरून खाच आहे आणि मध्ये खोल भोक आहे, तारेचं टोक आधी कापून त्या भोकात उभं खुपसायचं, वाकवायचं, मग अडीच-तीन वेढे. टोक बाहेर लोंबतं ठेवून सात-आठ वेढे मारणाऱ्यांची गिटार कधी सुरात राहिलेली नाही.

एवढं करूनही लॉकिंग ट्यूनर हवेतच म्हणत असशील तर ऐक. बाजारातल्या बहुतेक आधुनिक ट्यूनरना 10 मिलिमीटरचं भोक लागतं आणि तुझ्या हेडस्टॉकची (नेकच्या टोकाला ट्यूनर बसतात त्या भागाची) भोकं त्याहून लहान आहेत. दुकानदार "दोन मिनिटांत रीमर फिरवून देतो" म्हणेल. नाही म्हणायचं. गोटो कंपनीचे जुन्या मापाचे लॉकिंग ट्यूनर मिळतात, ते जुन्या भोकांत बसतात. मिळाले नाहीत तर थांब. क्लूसन काढलेस तर त्यांचे छोटे स्क्रूसुद्धा मोजून पिशवीत. लाकूड परत येत नाही, हे मी भोकांबद्दलही म्हणतोय.

आता फ्रेटबोर्ड. तुझ्या बोर्डाची गोलाई 7.25 इंचांची आहे, म्हणजे 184 मिलिमीटर त्रिज्या, आणि वरच्या फ्रेटवर बेंड मारताना (तार बाजूला ओढताना) आवाज मरतो. म्हणून कुणीतरी तुला 12 इंचांपर्यंत घासून घ्यायला सांगितलं. हिशेब कर. शेवटच्या फ्रेटजवळ बोर्ड साधारण 56 मिलिमीटर रुंद आहे. कडा तशाच ठेवून गोलाई 12 इंचांवर आणायची तर मधोमध जवळजवळ 0.85 मिलिमीटर लाकूड काढावं लागतं, नटपाशी अर्धा मिलिमीटर. फेंडरने 1962 पासून रोझवूडचा जाड पाट सोडून वाकवलेली पातळ पट्टी चिकटवायला सुरुवात केली, तुझी तीच आहे. त्या पातळ पट्टीतला जवळजवळ एक मिलिमीटर तू पॉलिश पेपरवर घालवणार, ठिपके झिजवणार, आणि कशासाठी? बाराव्या फ्रेटवर तार 1.8 ते 2 मिलिमीटर उंच ठेव. फ्रेट बदलशील तेव्हा शेवटच्या काही फ्रेटना किंचित उतार देऊन घे. बेंड मरणार नाही.

फ्रेट बदलायला माझी ना नाही, हे लक्षात घे. फ्रेट झिजण्यासाठीच असतात. पण करणाऱ्याला आधी एक प्रश्न विचार: "जुन्या फेंडरचे फ्रेट कसे काढता?" त्या काळी ते खाचेत वरून ठोकलेले नसत, बाजूने सरकवलेले असत. ते बाजूनेच ठोकत सरकवून काढायचे. वरून पकडीने उपटले तर खालचे दाते रोझवूडचे कपचे घेऊन वर येतात. उत्तर देताना तो गोंधळला तर गिटार उचल आणि घरी ये.

रंग. तुझी गिटार ऑलिंपिक व्हाइट आहे. फेंडरच्या ठरावीक सनबर्स्टऐवजी (मध्ये उजळ, कडांना गडद) असा रंग हवा असला तर 5 टक्के जास्त द्यावे लागत, म्हणजे कुणीतरी मुद्दाम मागवलेली. रंग ड्यूपॉन्टचा, मोटारींचा. त्यावरच्या पारदर्शक नायट्रो लॅकरचा थर वयाबरोबर पिवळा होतो आणि खालचा पांढरा लोण्यासारखा दिसू लागतो. ही खराबी नाही. त्या पिवळेपणावरून आणि केसासारख्या बारीक भेगांवरूनच जाणकार ओळखतो की हात लागलेला नाही. पुन्हा रंगवली की बाजारात किंमत साधारण निम्म्यावर येते, पण मला त्याहून मोठी अडचण वाटते ती घासण्याची. रंग काढताना पॉलिश पेपर लाकडावर जातो, पोटाकडचा आणि हाताकडचा उतार बदलतो, कडा गोलावतात, नेकचा खिसा सैल होतो. मग नेक डुगडुगते आणि लोक म्हणतात, ही मुळातच वाईट होती. साफ करायची असेल तर मऊ सुती फडक्यावर लायटरमध्ये भरायच्या पेट्रोलचे दोन थेंब. थिनर नाही, अ‍ॅसिटोन नाही, सिलिकॉनचं पॉलिश नाही. आणि स्वस्त स्टँडचं रबर लॅकरला चिकटून डाग पाडतं, तिथे सुती कापड गुंडाळ.

तू लिहिलंस, "पण व्हॅन हॅलेनने तर गिटारी कापल्याच ना?" कापल्या. त्या रॉक गिटारवादकाची ती प्रसिद्ध पट्ट्यापट्ट्यांची गिटार कारखान्यात बाद ठरलेल्या, स्वस्तात घेतलेल्या बॉडी आणि नेकमधून जुळवलेली होती. आणि त्याने आयबानेझ डिस्ट्रॉयर या गिटारीचा तुकडा कापून काढला तेव्हा तिचा आवाज गेला, हे त्यानेच मुलाखतींत सांगितलं. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरच्या काळ्या स्ट्रॅटवरही पुष्कळ कापाकापी झाली आणि तरी 2019 मध्ये ती 39 लाख 75 हजार डॉलरना गेली. ती किंमत गिल्मोरची होती, खड्ड्यांची नव्हे.

मला हट्टी म्हणतात, ठाऊक आहे. "गिटार वाजवायला असते, काचेत ठेवायला नाही," हे मला ऐकवलं जातं, जणू मी वाजवू नका म्हणतोय. वाजव ना! घाम लागू दे, बकल घासू दे, रंग उडू दे. वाजवून झालेली झीज आणि राउटरचा खड्डा यांत फरक कळत नसेल त्याच्याशी मी वाद घालत नाही. आणि मी घाबरट आहे म्हणून थांबवतो असंही समजू नकोस. मेलेला पॉट बदल, सैल जॅक बदल, तुटलेली कॉइल जुन्याच चुंबकांवर पुन्हा गुंडाळून घे. या सगळ्याला मी हो म्हणतो. पण हातात अवजार घेण्याआधी माणसाने स्वतःला एवढं तरी विचारावं की हे उद्या उलटं करता येईल का. नाही असं उत्तर आलं तर अवजार खाली. यात पुराणमतवादी काय आहे?

शील्डिंगचा, म्हणजे चरचर अडवायचा, काळा रंग पोकळीत फासू नकोस, तो निघत नाही. तांब्याची पट्टी नव्या गार्डच्या पाठीला लाव. त्याने चरचर कमी होईल. 50 हर्ट्झची घूं मात्र सिंगल कॉइलमध्ये राहणारच. आधी तुझ्या खोलीतल्या तीन पिनच्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घे. पुण्यातल्या जुन्या वाड्यांत ते निम्म्या वेळा नसतं.

आता या रविवारी करायचं काम. तारा पूर्ण सैल कर, नेकचे चार स्क्रू हाताच्या स्क्रू ड्रायव्हरने काढ, ड्रिल मशिनने नाही. खिशात पुठ्ठ्याची पातळ चकती निघाली तर तीही जप, कारखान्यातली असू शकते. नेकच्या टाचेवर शाईचा शिक्का असेल: मॉडेलचा आकडा, महिना, वर्ष आणि शेवटी नटच्या रुंदीचं अक्षर. पॉटच्या पाठीवर 137 ने सुरू होणारा आकडा असेल तर पुढचे दोन वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. उजेडात, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढ. परत लावताना प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरव. जुन्या आट्यात तो किंचित खाली बसल्याचं बोटांना कळतं, मग सुलटा आवळ. नाहीतर तो लाकडात नवा आटा कापतो, आणि दोन-चार वेळा तसं झालं की भोक सैल पडतं.

फोटो आले की ट्रस रॉडचं (नेकला सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचं) लिहितो. तो टाचेकडून फिरतो, तोवर त्याला हात लावू नकोस. आणि मामांना विचार, ट्रेमोलोची मूळ दांडी कुठे आहे. तिचा आटा 10-32 चा, अमेरिकन मापाचा, आहे. मेट्रिक दांडी जबरदस्तीने पिळलीस तर ब्लॉकचा आटा जाईल.

तुझा,
काका