कप उकळायचा कुठे?

प्रश्न : डॉक्टर, धाकट्याच्या वेळी तांबी (गर्भ राहू नये म्हणून गर्भाशयात बसवतात ती कॉपर-टी) बसवली, तेव्हापासून पाळीत अंगावरून फार जातं. नणंदेच्या सांगण्यावरून मेन्स्ट्रुअल कप (पाळीचं रक्त साठवायला योनीत बसवायचा छोटा कप) घेतला, जमलाही. पण तो उकळायला गॅसवर ठेवला आणि सासूबाईंनी पातेलंच घराबाहेर काढलं. ‘विटाळाची वस्तू चुलीवर नको’ म्हणाल्या. काय करू?
— एक वाचक, बारामती तालुका

उत्तर : पाळीची तारीख जवळ आली की एक-दोन दिवस आधीच कप उकळून ठेवा. तेव्हा तुम्ही ‘बाहेरच्या’ नसता, म्हणजे सासूबाईंच्याच नियमात बसतं. पाळी चालू असताना गॅस लागत नाही. कप रिकामा करायचा, स्वच्छ पाण्याने धुवायचा, परत बसवायचा. तुम्हाला जास्त जातं, तेव्हा सुरुवातीचे दिवस चार-पाच तासांनी बघा. एरवीही बारा तासांपुढे ठेवू नका. पाळी संपली की साबणाने धुऊन, कोरडा करून सुती पिशवीत.

विटाळ मी मानत नाही. तरी भांडं वेगळं ठेवा, कारण आमटीच्या पातेल्याचं तेल-हळद कपाला लागते. पाच-दहा मिनिटं उकळा, कप चहाच्या जुन्या गाळणीत ठेवून. पाणी आटून तळाला करपलेले कप मी पाहिलेत.

सासूबाईंचा राग मला भांड्यापेक्षा उघडपणावर वाटतो. त्यांच्या पिढीने पाळीचं कापड परकराखाली लपवून वाळवलं, दमट कापडाने जांघा सोलवटल्या तरी हूं की चूं केलं नाही. दवाखान्यात सत्तरीच्या आज्या हे सांगतात, तेही दार लावल्यावर. त्यांच्याशी भांडू नका, एकदा विचारा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला काळजी तांबीची आहे. कप आत हवाबंद बसतो. दांडी धरून तसाच ओढलात तर तांबीही सरकू शकते. उकिडवं बसा, कपाचं बूड दोन बोटांनी चिमटा, पकड सुटली की मगच काढा. तांबीचे दोरे डॉक्टरांना दाखवा, लांब असतील तर कापून घ्या. दोरा बोटाला अचानक लांब लागला किंवा लागेचना, तर तपासणी होईपर्यंत निरोध वापरा. कपावर मिलीलिटरच्या खुणा असतील तर दर वेळचं माप लिहा. सगळ्या पाळीचं मिळून 80 मिलीच्या वर जात असेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि हिमोग्लोबिनही तपासा.