स्वतः लिहिलेला बुद्धिबळाचा प्रोग्राम डीजीटी कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक पटाला कसा जोडायचा?

पट केबलने जोडलाय, बाइट येताना दिसतात, पण त्यातून चाल कशी काढायची हे कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. चाल त्यात नसतेच! कुठल्या घरात कोणती सोंगटी आहे एवढंच पट सांगतो. चाल ओळखायचं काम आपलं.

पोर्टचं चटकन उरकतो: ९६०० बॉड (हा वेग), ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. लिनक्सवर पोर्ट उघडतच नसेल तर आपण डायलआउट ग्रुपमध्ये (सीरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांच्या गटात) आहोत का ते आधी बघा. ६६ हा बाइट पाठवला की अख्खा पट येतो: ३ बाइटचं हेडर आणि पुढे ६४ घरं, ए८ पासून एच१ पर्यंत. ० म्हणजे रिकामं घर, १ पांढरं प्यादं, २ पांढरा हत्ती, असं करत १२ म्हणजे काळा वजीर. ६८ पाठवला की यापुढचा प्रत्येक बदल पट आपणहून कळवतो.

आता 'इथून उचललं, तिथे ठेवलं' असा हिशेब ठेवायच्या भानगडीत पडू नका. मारताना कुणी आधी समोरच्याची सोंगटी उचलतो, कुणी आपली. त्यापेक्षा सध्याच्या स्थितीतल्या सगळ्या वैध चाली काढा, प्रत्येकीनंतर पट कसा दिसेल ते मांडा आणि आलेल्या ६४ घरांशी ताडून बघा. जुळली ती चाल. एन पासाँ (दोन घरं पुढे गेलेलं शेजारचं प्यादं मारणं), प्रमोशन सगळं यातच बसतं. प्यादं बदलून वजीर घेतला की घोडा, तेही पटावरून आपोआप कळतं.

दोन ठिकाणी मात्र हे फसतं. हत्ती ए१ वरून ए८ ला सरकवत नेला, तर वाटेत ए४ वरही तो क्षणभर दिसतो आणि तीही वैध चालच असते. म्हणून पट अर्धा सेकंद स्थिर राहिल्याशिवाय चाल धरू नका. दुसरं कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं. कुणी आधी हत्ती एफ१ वर ठेवला, तर प्रोग्रामला ती हत्तीची साधी चाल वाटणार. नियमाप्रमाणे राजा आधी हलवायचा असतो, पण घरी खेळताना नियम कोण बघतो? तेव्हा मागची स्थिती जपून ठेवा आणि पुढची चाल होईपर्यंत दुरुस्तीला वाव द्या.

इंजिनाने, म्हणजे चाल शोधणाऱ्या तुमच्या प्रोग्रामने, चाल दिली की ती खेळाडू पटावर करेपर्यंत फक्त त्याच स्थितीची वाट बघायची. आणि हा सगळा कोड इंजिनात कोंबू नका. इंजिन यूसीआय (इंजिनांशी बोलायची ठरलेली भाषा) बोलत असेल तर मधला दुवा वेगळा लिहा, म्हणजे उद्या त्याच पटावर स्टॉकफिशसारख्या दुसऱ्या इंजिनाशीही खेळता येईल.