आरओ कोणत्या पाण्याला हवा? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही पुण्यात सदनिकेत राहतो आणि महापालिकेचे पाणी वापरतो. घरी आलेल्या एका विक्रेत्याने नळाच्या पाण्याच्या पेल्यात आणि आरओच्या पाण्याच्या पेल्यात विजेच्या कांड्या बुडवून दाखवल्या. नळाचे पाणी मिनिटभरात काळपट झाले, आरओचे स्वच्छ राहिले. मीटरवर आमच्या पाण्याचा टीडीएस ११० आला. आरओ बसवणे आवश्यक आहे का?

उत्तर : आपल्या पाण्यासाठी आरओ, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार काढणारे यंत्र, आवश्यक नाही. पेल्यात दिसलेला तो काळपट गाळ पाण्यातला नव्हता, कांडीतला होता. या उपकरणात सहसा एक कांडी लोखंडाची असते. पाण्यात थोडे जरी क्षार असले तरी त्यातून वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरते आणि गंजासारखा गाळ तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने वीज वाहत नाही व पाणी जसेच्या तसे राहते. विक्रेता पुन्हा आला तर त्याच्याच शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाकून तोच प्रयोग करायला सांगावे. तेही पाणी तसेच काळवंडेल. अशा प्रयोगाने घाबरून हजारो रुपये खर्च करणारी कुटुंबे पाहिली की वाईट वाटते.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या घटकांचे, मुख्यतः क्षारांचे, एकूण प्रमाण. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, ते लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानले आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतले आहे. पुण्याला पाणी देणारी खडकवासला साखळीतील धरणे सह्याद्रीच्या पावसावर भरतात, त्यामुळे त्या पाण्यात क्षार मुळातच कमी असतात. ज्या भागात टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तेथे आरओच्या वापरावर बंदी आणावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये दिला होता, तो याच कारणाने.

आपल्याला खरी काळजी घ्यायची आहे ती जंतूंची, आणि टीडीएस मीटर जंतू मोजत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा संशय दूषित पाण्यातील जंतूंवर होता, क्षारांवर नव्हता. फुटलेली जलवाहिनी, न धुतलेली जमिनीखालची टाकी आणि उघडे राहिलेले गच्चीवरच्या टाकीचे झाकण हे जंतू शिरण्याचे नेहमीचे मार्ग आहेत. पाणी खळखळून उकळावे किंवा यूव्हीचे (अतिनील किरणांनी जंतू मारणारे) अथवा यूएफचे (सूक्ष्म छिद्रांच्या गाळणीने जंतू अडवणारे) साधे यंत्र बसवावे. यूव्हीला वीज आणि नितळ पाणी लागते. गढूळ पाण्यात किरण जंतूंपर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून पावसाळ्यात पाणी आधी तुरटी फिरवून निवळून घ्यावे. मात्र उन्हाळ्यात आपल्या सोसायटीत बोअरच्या पाण्याचे टँकर येत असतील, तर त्या दिवसांत टीडीएस पुन्हा मोजावा, कारण ११० हा आकडा धरणाच्या पाण्याचा आहे, टँकरच्या नव्हे.

प्रश्न : आमचे गाव दर्यापूर तालुक्यात आहे. बोअरच्या पाण्याचा टीडीएस १८५० आहे, डाळ शिजत नाही, चहाही खारट लागतो. आरओ बसवला, पण बादल्या भरून पाणी वाया जाते. ते पुन्हा टाकीत सोडावे का? मेकॅनिकने स्क्रू फिरवून टीडीएस ३०० वर ठेवला आहे, ते योग्य आहे का? घरात चार महिन्यांची नात आहे आणि तिला पावडरचे दूध द्यावे लागते.

उत्तर : आरओ ज्यासाठी आहे, ते हेच पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्याला पाण्याचा हा त्रास पिढ्यानपिढ्या आहे. उकळून, तुरटी फिरवून किंवा कापडाने गाळून विरघळलेले मीठ जात नाही. बेदाणे पाण्यात घातले की फुगतात, कारण पाणी पातळ सालीतून आतल्या दाट रसाकडे ओढले जाते. आरओमध्ये पंपाच्या दाबाने हीच ओढ उलटी फिरवतात, म्हणजे खारे पाणी यंत्रातल्या अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यावर दाबले जाते, पाणी पलीकडे झिरपते आणि बहुतेक क्षार अलीकडे राहतात. अलीकडे राहिलेले हे क्षार सतत धुऊन काढावे लागतात, नाहीतर ते पडद्यावर चुन्यासारखे बसतात. म्हणून काही पाणी बाहेर जाणारच.

हे प्रमाण स्वतः मोजून पाहावे. शुद्ध पाण्याच्या नळीखाली लिटरचे माप आणि बाहेर जाणाऱ्या नळीखाली बादली ठेवावी. एका लिटरमागे तीन लिटर जात असतील, तर आपल्याकडच्या टाकाऊ पाण्याचा टीडीएस सुमारे २४०० असेल. ते टाकीत परत सोडले तर टाकीतले पाणी दिवसेंदिवस अधिक खारे होईल आणि पडदा लवकर निकामी होईल. बाहेरची नळी आवळून पाणी वाचवण्याचा प्रयत्नही करू नये. त्याने पडद्यावर थरच चढतो. हे पाणी संडासात आणि फरशी पुसायला वापरावे. तुळशीला किंवा परसातल्या भाजीला ते घालू नये. आपली काळी, चिकण जमीन मीठ धरून ठेवते.

स्क्रूविषयी अधिक सावध राहावे, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. हा स्क्रू पाण्यात कोणतीही खनिजे नव्याने घालत नाही. तो पडद्याला वळसा घालून बोअरचेच पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. पडद्यातून १०० टीडीएसचे पाणी येत असेल आणि एकूण ३०० हवे असेल, तर दर शंभर भागांत सुमारे अकरा भाग कच्चे पाणी असते. त्या अकरा भागांत नुसते मीठच असते असे नाही. खतांच्या शेतांखालच्या भूजलात नायट्रेट असू शकते, त्याची मानकातील मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता ते कमी करू शकते. पाणी उकळल्याने ते घटत नाही, उलट वाफ गेल्यामुळे किंचित दाट होते. म्हणून हा स्क्रू आजच पूर्ण बंद करावा आणि बोअरचे तसेच यंत्रातून येणारे, अशा दोन्ही पाण्यांचे नमुने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत देऊन नायट्रेट व फ्लोराइड तपासून घ्यावे. अहवाल येईपर्यंत नातीच्या दुधासाठी कोणते पाणी वापरावे, हे बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

आणखी एक सुचवावेसे वाटते. पहिले एक-दोन पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्यावेत आणि त्यानंतरचे पाणी झाकणाच्या स्वच्छ टाकीत साठवावे. खारपाणपट्ट्यात याहून कमी क्षारांचे पाणी घरबसल्या मिळणे अवघड आहे. ते उकळून प्यायला चालते, आणि डाळ तर त्यात नक्की शिजते.

प्रश्न : महिनाभर गावी होतो, आरओचे यंत्र बंद होते. टाकीतले पाणी प्यावे का?

उत्तर : पिऊ नये. यंत्रातील कार्बनची गाळणी पाण्यातले क्लोरीन काढून टाकते, त्यामुळे साठलेल्या पाण्याला जंतूंपासून संरक्षण राहत नाही. यंत्राची टाकी रिकामी करून दोन वेळा पूर्ण भरावी व ओतून द्यावी, आणि तिसऱ्यांदा भरलेले पाणी वापरावे. त्यालाही वास आला तर गाळण्या बदलून आणि टाकी आतून धुऊन घ्यावी.